‘व्यवसाय’ या ओळीपाशी

माझ्या भावाचं लग्न जमत नव्हतं, आणि ज्या वेबसाइटवर ते जमेल अशी आईला आशा होती, ती वेबसाइट बनवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. त्या वर्षी मी एवढी चिडचिडी का झाले होते, असं नवरा अजून विचारतो. कारण एवढंच होतं.

आमचं ऑफिस अमरावतीत, राजापेठला, एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर. खालून दिवसभर रसायनशास्त्र आणि स्कूट्यांचे हॉर्न वर यायचे. आमची गिऱ्हाइकं म्हणजे मंगल कार्यालयं, दाताचे डॉक्टर, कृषी सेवा केंद्रं. मी तिथे डिझायनर होते. आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, एक दिवस अकोल्याहून नवं काम घेऊन आले. तिथलं एक वधू-वर मंडळ दरवर्षी परिचय मेळावा घ्यायचं आणि जाडजूड पुस्तिका छापायचं. आता त्यांना सगळं इंटरनेटवर आणायचं होतं.

ती पुस्तिका मी चांगलीच ओळखत होते. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात तिचे जुने अंक आईने नीट रचून ठेवले होते, आणि प्रत्येकात माझा दादा होता. फोटो तोच, वय तेवढं बदललेलं. फोटोत त्याच्या अंगावर स्टुडिओवाल्याचा कोट होता, खांद्यात सैल.

दादा बी.एस्सी. झालेला. बाबांचे गुडघे गेल्यापासून शेती त्याच्याकडे. तूर, सोयाबीन, हरभरा, विहिरीला बऱ्यापैकी पाणी. दारूचं सोडा, त्याच्या तोंडात सुपारीचं खांडही नसायचं. पण ती वर्षंच तशी होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव आलं की पुढची बातमी न वाचता कळायची. पुण्याची माणसं गावाचं नाव ऐकून मान अशी तिरपी करायची, जशी आपण दहाव्याला गेल्यावर करतो. मुलींच्या घरी तर तोंडावर सांगायचे, "शेतीवर पोरगी देत नाई आमी." एका घरी तर पोहे खाऊन झाल्यावर सांगितलं. परत येताना दादा म्हणाला, "पोहे चांगले होते बाकी." मी धाकटी असून माझं लग्न आधी उरकलं होतं, तेही बँकेतल्या माणसाशी. आई कधी बोलली नाही, पण माहेरी गेल्यावर नवऱ्याच्या बढतीचा विषय निघाला की मी तो घाईने बदलायचे.

सरांना तेव्हा एक नवं खूळ लागलं होतं. त्यांच्या ओळखीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आलं होतं. एक काळी पट्टी, स्क्रीनच्या खाली चिकटवायची. समोर बसलेल्या माणसाची नजर पानावर कुठून कुठे जाते, कुठे किती थांबते, हे ती पट्टी टिपते. मग त्याच पानावर रंग उतरतो. नजर खूप वेळ थांबली तिथे लाल, कमी थांबली तिथे पिवळा, त्याहून कमी तिथे हिरवा, आणि कोणी ढुंकूनही पाहिलं नाही तिथे नुसता राखाडी. "माणूस तोंडानं खोटं बोलते, डोये नाई बोलत," असं म्हणत सर ती पट्टी उसनी घेऊन आले.

मला ती मुळीच आवडली नव्हती. माणसाने काय पाहिलं हे त्याचं त्याच्यापाशी असावं, असं माझं मत. पण तिचा उपयोग झाला, हे कबूल करायला हवं. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते आणि त्यांना पहिल्या पानावर सगळ्यात वर सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो हवे होते. नमनालाच घडाभर तेल. मी परोपरीने सांगून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी खालच्या ट्यूशनला पोरांना सोडायला येणाऱ्या बायकांना चहा पाजून त्या पट्टीसमोर बसवलं. पान उघडलं की सगळ्यांची नजर फोटोंची रांग ओलांडून खाली. ती आख्खी रांग राखाडी. मी तो रंगीत नकाशा अध्यक्षांना पाठवला. त्यांनी फोन करून आधी रंगांचा अर्थ पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "माह्यावर बी नाई थांबलं कोनी?"

"नाही काका."

दुसऱ्या दिवशी फोटो तळाशी गेले, आणि मी मनातल्या मनात त्या पट्टीला नमस्कार केला.

पुढची पाळी मुलांच्या पानांची होती. अध्यक्षांनी काही खऱ्या मुलांची संमती घेऊन त्यांची माहिती पाठवली, आणि दादाचं पान मीच त्यात घातलं. डावीकडे फोटो, शेजारी शिक्षण, उंची, मग ‘व्यवसाय’, त्याखाली ‘शेती’, आणि शेवटी ‘अपेक्षा’. या विषयावर मी जे काही वाचलं होतं त्यात एक गोष्ट सगळीकडे सांगितलेली होती, की पानावर चेहरा असेल तर नजर आधी चेहऱ्याकडे जाते. म्हणून फोटो मोठा ठेवला होता. म्हटलं, आधी माणूस दिसू दे, बाकीचं नंतर.

ज्यांनी हे शोधून काढलं ते वऱ्हाडात मुलगा पाहायला आलेले नसावेत. लग्नाच्या वयाच्या मुली बसल्या, त्यांच्या आया बसल्या, एक आत्या बसली. चेहऱ्यांवर फिकट पिवळा रंग, आणि ‘व्यवसाय’ या ओळीवर लालभडक डाग. तिथे नोकरी असली की नजर एक ओळ खाली उतरायची आणि ‘शेती’समोर किती एकर आहे ते पाहायची. मग सावकाश फोटोकडे. पण ‘व्यवसाय’समोरच शेती लिहिलेली असली, की नजर सरळ पुढच्या पानाच्या बटणावर. थोडक्यात, शेती सगळ्यांना हवी होती, ती करणारा कोणालाच नको होता.

दादाच्या पानावर ‘व्यवसाय’पाशी एक छोटा लाल ठिपका पडला. त्याचा चेहरा राखाडी होता. मी तो नकाशा बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. नकार आम्हाला नवे नव्हते. पण तोपर्यंत मला वाटायचं, लोक त्याला पाहतात आणि मग नाही म्हणतात.

त्यानंतर मी जे केलं त्याला डिझाइन म्हणतात की भावाची वशिलेबाजी, कोण जाणे. ‘व्यवसाय’ ही ओळ उचलून मी पार खाली टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुन्हा माणसं बसवली. नजर नेहमीच्या जागी गेली, तिथे ओळ नाही, मग वर, खाली, उजवीकडे, अशी सैरभैर फिरत सुटली. पानभर हिरवे-पिवळे शिंतोडे, फोटो मात्र राखाडीच. एक बाई वैतागून म्हणाल्या, "काईतरी लपवून राहिले हे लोकं. पोट्टं काय करते ते तं सांगा!" ओळ मी गुपचूप जागेवर आणून ठेवली.

मग वाटलं, त्या उसन्या कोटाचाच दोष असेल. दादाकडून शेतातला फोटो मागवला. मोकळा हसतोय, मागे तुरीचं हिरवं शेत, छान फोटो. पुढच्या चाचणीत फोटोवर लाल डाग पडला आणि मी खुर्चीतून उठलेच. जवळ जाऊन पाहते तर डाग दादाच्या तोंडावर नव्हता. मागे शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर होता. ट्रॅक्टर शेजाऱ्याचा होता.

हे मी कोणाला सांगणार? आईचा एक दिवसाआड फोन. "झाली का वं तुयी ते साइट? दादाले सगळ्यायच्या वर टाकजो." घरचीच मुलगी साइट बनवून राहिली म्हटल्यावर मुलगी मिळालीच, अशी तिची समजूत. मी म्हणायचे, टाकते. वर टाकून काय होतं ते मला पट्टीने दाखवलं होतं. अध्यक्षांचेही फोटो वरच होते. आणि यापुढची खरी भीती अशी होती, की ही साइट मी जितकी चांगली बनवीन, जितकी सोपी, जितकी झटपट, तितकं दादाला ओलांडून पुढे जाणं लोकांना सोपं होईल. पुस्तिकेत निदान पान उलटायला बोट ओलं करावं लागायचं.

शेवटची चाचणी अकोल्याला, मंडळाच्या हॉलमध्ये होती. तिथे दोन गोष्टी पाहायच्या होत्या. एक, आयांना आपल्या मुलीची माहिती स्क्रीनवर भरता येते का. दुसरी, मुलं मुलींची पानं कशी पाहतात. खऱ्या मुलींचे फोटो चाचणीत वापरायचे नाहीत असं अध्यक्षांनी बजावलं होतं, आणि ते रास्तच होतं. म्हणून मुलींची पानं सगळी मीच रचली. फोटो विकतचे. ‘अपेक्षा’ मात्र जुन्या पुस्तिकांमधून उतरवल्या. उतरवताना लक्षात आलं की त्या सगळ्या जवळजवळ शब्दाला शब्द सारख्या होत्या: नोकरीवाला, निर्व्यसनी, घरी शेती असल्यास प्राधान्य. तेच तेच लिहून कंटाळले आणि शेवटच्या पानावर माझ्या मनाने लिहिलं, ‘शेतकरी चालेल.’ काय होतं ते पाहू, एवढाच विचार होता.

सामान घेऊन एसटीने जायचं म्हणून दादा सोबत आला. हॉलवर सकाळी आया बसल्या. पहिलीचीच नजर पाहून मी चमकले. ‘अपेक्षा’चा रिकामा चौकोन आला की नजर चौकोनावर, मग त्याच्या खाली, परत चौकोनावर, परत खाली. दुसरीचं तेच, तिसरीचंही तेच. खाली बारीक अक्षरात नमुना दिला होता, लोकांना कळावं म्हणून: ‘उदा. नोकरीवाला, निर्व्यसनी, घरी शेती असल्यास प्राधान्य.’ मंडळाच्या छापील अर्जावर होता तसाच, विचार न करता, मी तो स्क्रीनवर आणला होता. नकाशात दोन लाल डाग पडले, एक नमुन्यावर आणि एक रिकाम्या चौकोनावर. बायका त्यातून पाहून पाहून उतरवत होत्या, शाळेत फळ्यावरचं उतरवतात तसं.

"काका, हा नमुना कोणी लिहिला?" मी अध्यक्षांना विचारलं.

"मीच लिवला. फार जुनी गोष्ट हाय. लोकं मोकळंच सोडत ना बापा, म्हणून एक नमुना देल्ला."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. सगळा दोष नमुन्याचा नव्हता, हे मलाही कळत होतं. नमुना नसता तरी पुष्कळांनी तेच लिहिलं असतं. पण सगळ्यांनी?

दुपारी मुलांची पाळी. बोलावलेला एक जण आलाच नाही. सामानापाशी बसून कंटाळलेला दादा म्हणाला, "मी बसू का?" मी नको म्हणायला हवं होतं, पण मागे अध्यक्ष उभे होते, ते म्हणाले, "बस ना बापा, तू बी तं आपलाच." दादा पट्टीसमोर बसला. पट्टीला नजर ओळखता यावी म्हणून आधी स्क्रीनवर एक ठिपका फिरतो, त्याच्याकडे आज्ञाधारकपणे पाहिलं. "आपन कुठं पायतो ते समजते याले?" त्याने विचारलं. मी म्हटलं, समजतं. "मंग बरं हाय बापा," तो म्हणाला, आणि पानं पाहू लागला.

तो चहाला बाहेर गेला तेव्हा मी त्याचे नकाशे उघडले. बाकीच्या मुलांचे मी आधी पाहिले होते. त्यांचं सरळ होतं. फोटो लाल, बाकी सगळं फिकट. त्या शोध लावणाऱ्यांनी सांगितलं होतं तसा त्यांना आधी चेहराच दिसला होता. दादाने पाहिलेल्या पहिल्या पानावर मुलीचा चेहरा राखाडी होता. शिक्षण राखाडी. सगळ्यात तळाशी ‘अपेक्षा’वर एक लहानसा लाल ठिपका. दुसऱ्या पानावर तेच. पुढच्याही. पान उघडलं की त्याची नजर फोटोवरून न जाता सरळ तळाला जायची, ‘नोकरीवाला’ वाचायची आणि पुढच्या पानावर. माझ्या भावाने मुलींच्या चेहऱ्याकडे पाहणंच सोडून दिलं होतं. आधी परवानगी आहे का ते पाहायचं, नाही म्हटल्यावर कशाला पाहायचं.

राहिलं शेवटचं पान. उघडलं. तळाशी ‘शेतकरी चालेल’वर लालभडक. आणि तिथून वर, फोटोवर, लाल. तिथून परत ओळीवर, परत चेहऱ्यावर. तो त्या पानावर बाकीच्या सगळ्या पानांहून जास्त रेंगाळला होता. विकतचा फोटो होता तो. ती मुलगी कुठल्या देशातली होती देव जाणे, मी तिला इथली टिकली लावली होती.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि बाहेर पाहत राहिले. मनात एकच धाकधूक. याने विचारलं तर? आणि विचारलंच नाही आणि मनातच ठेवलं, तर? घरी जाऊन आईला सांगितलं तर आई उद्या साडी घ्यायला निघेल. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली. दादाने खाली उतरून खिडकीतून चहा दिला आणि दुसरीकडेच पाहत म्हणाला, "ते शेवटची पोट्टी कुठली होती वं?"

"कोणती?" मी उगाचच म्हटलं.

"ते... शेवटची."

चहा कढत होता, पण मी पिऊन टाकला. "दादा, ती कोणीच नाही. पानं सगळी खोटी होती, चाचणीची. ते मीच लिहिलं होतं."

तो हसला. आत येऊन शेजारी बसला, तिकिटं खिशात आहेत का ते चाचपलं. "मले मालूमच होतं," तो म्हणाला. "असं कोन लिवते?"

"मग इतका वेळ काय पाहत होतास?"

"असं लिवलेलं कसं दिसते, ते पाहून राहिलो होतो," दादा म्हणाला.

त्याला खरंच माहीत होतं, की मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तसं बोलला, हे मला आजही सांगता येत नाही. बडनेरा येईपर्यंत आम्ही दोघं तुरीच्या भावावर बोललो.

दुसऱ्या दिवशी मी तो नमुना काढून टाकला. अध्यक्ष फोनवर म्हणाले, "मंग लोकं काय लिवतीन?" मी म्हटलं, त्यांना वाटेल ते लिहितील. ते गुरगुरले, मी लाल डागांचा नकाशा पाठवला, ते कबूल झाले. ‘व्यवसाय’ची ओळ होती तिथेच राहू दिली, ठळक. दादाचा तुरीच्या शेतातला फोटो ठेवला, फक्त ट्रॅक्टर कापला.

साइट सुरू झाली. नवीन पान आधी माझ्याकडे मंजुरीला यायचं. बऱ्याच जणींनी नमुना नसतानाही नोकरीवालाच लिहिला, आणि मी रोज सकाळी ऑफिसात येऊन ‘अपेक्षा’च आधी वाचायचे. म्हणजे माझीही नजर आता दादासारखीच तळाला जायची. काहींनी चौकोन रिकामा सोडला होता. एकीने ‘सासू समजूतदार’ एवढंच लिहिलं होतं. मग बऱ्याच दिवसांनी दर्यापूरकडची एक मुलगी आली, नर्स. तिने लिहिलं होतं: ‘निर्व्यसनी. शेती करणारा असला तरी चालेल. मी माझी नोकरी सोडणार नाही.’

ऑफिसातलं कोणी माझी गंमत तर करत नाही ना, म्हणून मी आधी पानावर दिलेल्या नंबरवर फोन केला. तिच्या आईने उचलला. खरी मुलगी होती, खरं पान होतं, आणि ती ओळ मुलीने स्वतः लिहिली होती, आई त्यावर थोडी नाराजच होती. मी पान मंजूर केलं आणि दादाला फोन लावला. तो शेतात होता, मागे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता. मी ती ओळ वाचून दाखवली.

त्याने ती मला पुन्हा वाचायला लावली. मग तो म्हणाला, "तू तं नाई लिवलं?"

"नाही. तिच्या आईशी बोलले मी आत्ता."

मोटार बंद झाली.

"फोटू हाय का तिचा?" दादाने विचारलं.

"आहे," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे मीही नजर वर, तिच्या चेहऱ्याकडे नेली.